बोटाला लागलेलं अंडं

सासूचं बोट कधी चुकत नाही, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोंबडी विकायची असो की विकत घ्यायची, माणसं आधी ती काखोटीला मारून म्हातारीच्या दारात यायची. म्हातारी पायरीवर बसायची, कोंबडीचं डोकं स्वतःच्या डाव्या काखेत मागे सरकवायची, दोन्ही पाय एका मुठीत धरायची आणि उजव्या हाताचं मधलं बोट शेपटीखाली घालून क्षणभर डोळे मिटायची. "आहे," म्हणाली की दुपारपर्यंत अंडं पडायचं. "नाही," म्हणाली की त्या दिवशी त्या कोंबडीच्या कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसे. चाळीस वर्षं हे असं चाललं होतं. कोंबड्या विकणारा फेरीवाला दुसऱ्या कुठल्याही दारात तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा, पण म्हातारीपुढे टोपली उघडली की गप्प राहायचा.

घरच्या अकरा कोंबड्यांची हजेरी रोज सकाळी अशीच लागायची. सून खुराड्यात अर्धी आत शिरून एकेकीला ओढून बाहेर काढायची आणि सासू बोट लावायची. जिच्या पोटात अंडं असेल ती पुन्हा आत कोंडायची, बाकीच्यांना परसात सोडून द्यायचं. मोकळी कोंबडी कुठेही अंडं घालून येते, म्हणून ही शिस्त. सगळ्या झाल्या की सासू घराकडे तोंड करून आकडा मोठ्याने सांगायची, कारण आत खाटेवर तिचा मुलगा तो ऐकायला पडलेला असायचा.

मुलाचा, म्हणजे सुनेच्या नवऱ्याचा, धंदा छपरावर कौलं बसवण्याचा. दीड महिन्यापूर्वी ओल्या वाशावरून त्याचा पाय सटकला आणि तो खालच्या विटांवर आला. तेव्हापासून उजवा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. डॉक्टरांनी रोज दोन अंडी द्यायला सांगितली होती. बाकीची कोपऱ्यावरचा दुकानदार ठेवून घ्यायचा आणि त्याबदल्यात तेल, पीठ, साबण द्यायचा. घर सध्या कोंबड्यांच्या जिवावर चाललं होतं, आणि कोंबड्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

थंडी पडली, दिवस आखडले, आणि आकडे चुकायला लागले.

"आज सात," एका सकाळी सासूने सांगितलं. संध्याकाळी सुनेने खुराड्यातला भुसा चाळून पाहिला तर चार. दुसऱ्या दिवशी सहा सांगितली, मिळाली तीन. तिसऱ्या दिवशी पुन्हा सहा आणि निघाली दोन. ती दोन सुनेने उकडून नवऱ्याला दिली. दुकानदाराकडे जायला काहीच उरलं नाही, म्हणून त्या दिवशी भाजी पाण्यातच शिजली.

सासू रिकाम्या टोपलीकडे पाहत बोटांवर मोजत बसली. "सहातून दोन," ती स्वतःशीच म्हणाली, पण अशा बेताने की खाटेपर्यंत ऐकू जावं. "चार कुठे गेली असतील?"

या प्रश्नाचं टोक कुठे वळणार, हे सुनेला लगेच कळलं, कारण तीन वर्षांपूर्वी तिने खरंच अंडी नेली होती. धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं. माहेरी चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं. सुनेने पिशवीत पिठाखाली सहा अंडी लपवली, पण निघताना उंबऱ्यातच पिशवी दाराला धडकली. पीठ ओलं झालं, पिवळं झालं. सासू तेव्हा एवढंच म्हणाली होती, "मागितली असतीस तर आठ दिली असती." शिव्या दिल्या असत्या तर सून एव्हाना विसरूनही गेली असती. ती आठ मात्र तिला अजून टोचत होती.

तिने शोधायला सुरुवात केली. लाकडांचा ढीग उपसला, कडब्याची गंजी एका बाजूने खाली उतरवली, न्हाणीघरामागच्या तुटक्या पिंपात डोकं घालून पाहिलं. सापाची कात नाही, मुंगसाची लेंडी नाही, फुटकं टरफलसुद्धा नाही. हात कडब्याने सोलवटून निघाले. गंजी पुन्हा रचताना शेजारीण कुंपणावर येऊन उभी राहिली. तिला गल्लीत रेडिओ म्हणत. तो बंद करायची कळ अजून कुणाला सापडली नव्हती.

"काय हरवलं गं?"

"कोंबड्या कुठे बाहेर घालतात का, ते बघत होते."

"या दिवसांत कमीच देतात त्या. ऊन नाही, पिसं झडतायत. माझ्या तर आठ दिवस झाले, नुसत्या खाऊन बसल्यात." मग रेडिओने आवाज खाली आणला. "पण तुमच्याकडे काकू बोट लावून सांगतात ना? मग कमी कशी पडतील?"

सुनेने परसात जिकडेतिकडे विखुरलेली पिसं गोळा केली आणि घरात नेऊन सासूला दाखवली. "आई, दिवस लहान झालाय. पिसं झडायला लागली की कोंबड्या कमी घालतात, शेजारणीच्याही बंद आहेत."

"घालत नसतील तर बोटाला लागतात ती काय असतात?" सासू शांतपणे म्हणाली. "नसलेलं अंडं मला लागत नाही. आणि लागलेलं अंडं दिवस लहान झाला म्हणून पोटात विरघळत नाही."

यावर काय बोलणार? बोट खरं असेल तर अंडं होतं, आणि अंडं होतं तर ते कुणीतरी उचललं होतं. घरात माणसं तीन. एक खाटेवरून उठू शकत नव्हता, एकीने स्वतः आकडा सांगितला होता. उरली ती एकच.

त्या संध्याकाळी नवऱ्याने तिला पाय चेपायला बोलावलं, चांगला पाय. जरा वेळाने तो छताकडे बघत म्हणाला, "तुझ्या बहिणीचं बरं आहे ना?"

"बरं असेल. दिवाळखोर नाही झाली अजून."

"तसं नाही. काही द्यायचं असेल तर सांगून दे. मी पडलोय म्हणून कुणी विचारणारं नाही, असं नको व्हायला."

"मी एकही अंडं नेलं नाही."

"मी कुठे म्हटलं?" तो म्हणाला, आणि त्याने पाय ओढून घेतला. तिला वाटलं, त्यापेक्षा दुसऱ्या पायाने लाथ मारली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने एक वेडेपणा केला. सकाळी सासूने "आज सहा" म्हटल्यावर तिने त्या सहा जणींना आत कोंडलं आणि धान्याचं सूप घेऊन स्वतःही खुराड्यात जाऊन बसली. खुराडं बसकं होतं, मान वर करता येत नव्हती. विष्ठेच्या वासाने डोळे चुरचुरत होते. ती दिवसभर धान्य निवडत, डोळ्यांत तेल घालून कोंबड्यांकडे बघत राहिली. तांबडी कोंबडी सर्वांत आधी बसली. ती घरातली सर्वांत भरवशाची, चपळ आणि भांडखोर. तिने अंडं घातलं आणि जग जिंकल्यासारखी ओरडली. दुपारी ठिपक्यांची बसली, मग मानेवर पिसं नसलेली. बाकी तिघी कोपऱ्यात एकमेकींना चोची मारत राहिल्या. अंधारून आलं तरी त्यांनी बसायचं नाव घेतलं नाही.

सून तीन अंडी घेऊन बाहेर आली तेव्हा तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. केसांत पिसं अडकली होती. पण मनातून ती खूश होती. आता तिच्याकडे डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता.

"मी दिवसभर आत बसले होते," तिने नवऱ्याला सांगितलं. "तिघींनीच घातली. बाकीच्या बसल्याच नाहीत. आई, तुमचा अंदाज कुठेतरी—"

"अंदाज?" सासू म्हणाली. हा शब्द तिच्याबद्दल आजवर कुणी वापरला नव्हता.

नवरा कोपरावर उठून बसला. "दिवसभर तू एकटीच होतीस आत?"

"हो."

"आणि बघायला कोण होतं?"

दिवसभर ज्या बसण्याने सुनेची पाठ मोडली, तेच बसणं आता तिच्यावर उलटलं होतं. सासू उठली, ट्रंकेवरचं कुलूप काढलं आणि खुराड्याच्या दाराला लावून आली. किल्ली तिने कमरेला खोचली. "तुझ्यावर आळ नको," ती म्हणाली. "आजपासून मीच कोंडीन आणि मीच काढीन."

कुलूप लागलं आणि चमत्कार झाला. आकडे जुळायला लागले. सासूने तीन सांगितली की तीन, दोन सांगितली की दोन. चार दिवसांत गल्लीला ही बातमी कळली, रेडिओ होताच. बाया नळावर सुनेला पुढे जायला जागा द्यायला लागल्या, जरा जास्तच अदबीने. दुकानदार पीठ मोजताना हसून म्हणाला, "मिळाली म्हणे अंडी?" ती पीठ घेऊन आली. घरी येऊन चुलीपुढे बसल्यावर मात्र तिला रडू आवरेना. धूर होता, ते एक बरं होतं.

एक गोष्ट मात्र तिच्या नजरेतून सुटली नाही. पूर्वी सासू आकडा सकाळी, बोट लावल्या लावल्या सांगायची. हल्ली ती कोंबड्या तपासायची, कोंडायची, आणि काहीच बोलायची नाही. दुपार कलल्यावर किल्ली घेऊन एक चक्कर मारून यायची, आणि त्यानंतर घराकडे तोंड करून सांगायची, "आज तीन." नवऱ्याला आतून वेळेचा फरक कळत नव्हता. त्याला आकडा ऐकू यायचा आणि टोपली दिसायची.

सुनेला आधी वाटलं, आपलंच मन वाईट झालंय. मग एका दुपारी सासूने चुलीवरचं पातेलं उतरवलं. फडकं न घेता, नुसत्या बोटांनी. पातेल्यात पाणी खळखळत होतं. तिने ते सावकाश उतरवलं, जमिनीवर ठेवलं, झाकण नीट केलं आणि पुढे काहीतरी बोलत राहिली.

"आई, हात."

"काय झालं हाताला?"

तीन बोटांच्या टोकांवर कातडी पांढरी पडून वर यायला लागली होती. सासूने बोटं डोळ्यांजवळ नेली आणि दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी पाहिली. मग पटकन मूठ मिटली. "चुलीपाशी बसून बसून राठ झालेत हात," ती म्हणाली. "तू तुझं काम कर."

या बोटांना उकळतं पातेलं कळत नाही, तर अंड्याचं कवच काय कळणार? बिचारी, असं क्षणभर सुनेच्या मनात आलंही. पण लगेच तिला दुपारची ती चक्कर आठवली, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हातारीला ठाऊक होतं. निदान कुलूप लावल्यापासून तरी ठाऊक होतं. सून चोर नाही हे घरात एकट्या तिलाच पक्कं माहीत होतं, आणि ती गप्प होती.

पण नवऱ्याला काय सांगणार? मी पाहिलं? तिच्या पाहण्याची किंमत एकदा झाली होती.

प्लॅस्टर निघायच्या दोन दिवस आधी नवऱ्याच्या कामावरचा मुकादम भेटायला येणार असा निरोप आला. मुकादमाच्या मनात आलं तर नवऱ्याला बरा होईपर्यंत खालचं, बसून करायचं काम मिळणार होतं, कौलं मोजायचं, गाडी उतरवून घ्यायचं. नाही आलं तर दुसरा माणूस तयार होता. मुकादमाला जेवायला घालायचं ठरलं, आणि घरात घालण्यासारखं होतं ते खुराड्यातच.

"जी काही देत नाही ती काढा," नवरा म्हणाला. "आई, तू बघ."

सासू पायरीवर बसली. सुनेने एकेक कोंबडी तिच्या हातात दिली. म्हातारीच्या बोटांवरच्या फोडांवर आता खपली धरली होती. सासूने अकराही जणींना बोट लावलं, डोळे मिटले, आणि तांबडीचे पाय हातात तसेच धरून म्हणाली, "ही. हिच्या पोटात महिनाभर काही नाही."

"आई, ती नको," सून म्हणाली. "ती देते."

"तुला काय माहीत?"

"मी पाहिलंय. त्या दिवशी सर्वांत आधी हिनेच—"

"ऐकलंस?" नवरा आतून म्हणाला, आणि कडवट हसला. "कोण किती देते ते हिला बरोबर माहीत."

सासूने मान वर केली नाही. ती तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग तिने कोंबडी सुनेपुढे धरली आणि सुनेने ती घेतली.

कापायला कोपऱ्यावरचा खाटीक येऊन गेला. सोलायचं आणि साफ करायचं काम सुनेचं. परसात दगडावर बसून तिने पिसं उपटली, पोट चिरलं, आणि हात आत घालून आतडी ओढली. हाताला काहीतरी घट्ट, गोल लागलं. ते काय आहे हे तिला बाहेर काढायच्या आधीच कळलं.

अंडं होतं, पूर्ण तयार, कवचासकट. तासाभरात पडलं असतं. त्याच्यामागे देठाला नुसते बलक लगडले होते, एक लिंबाएवढा, मग बोराएवढे, मग वाटाण्याएवढे आणि शेवटी मोहरीएवढे इतके की मोजता येईनात. पुढच्या सगळ्या थंडीची अंडी तिथे ओळीने लागली होती. सुनेला ते बघून जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिने सुरी बाजूला ठेवली.

मागे पावलं वाजली. सासू येऊन उभी राहिली होती. तिने देठाला लटकलेले बलक पाहिले. मग खाली बसून हात पुढे केला. सुनेने रक्ताने माखलेलं अंडं तिच्या तळहातावर ठेवलं. सासूने बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"गरम आहे का गं?" तिने विचारलं.

"आहे."

सासूच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "आधी करंगळी गेली," ती म्हणाली. "मला वाटलं, थंडीने. मग हे बोट. अंदाजाने सांगत गेले. आजवर कधी चुकले नव्हते, म्हणून वाटलं, चुकणार कसं?"

"आणि कुलूप लावल्यावर?"

सासूने अंडं परत सुनेच्या हातात ठेवलं. ते नवऱ्याला दाखवायचं, हे सुनेने तेव्हाच ठरवून टाकलं.

मुकादम जेवला, बोटं चाटली, पायाकडे पाहून "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणाला आणि गेला. ते "बघू" चांगलं की वाईट, कुणालाच उमगलं नाही. नवरा चिडून बसला होता. सुनेने ताटली आणून त्याच्या खाटेवर ठेवली. ताटलीत अंडं आणि बलकांचा घोस.

"तांबडीच्या पोटातून निघालं."

त्याने पाहिलं. मग आईकडे पाहिलं. सासू दाराला टेकून बसली होती. "माझं बोट गेलंय," ती म्हणाली. "हिने काही नेलं नव्हतं."

नवरा बराच वेळ ताटलीतला घोस बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिला. सून वाट बघत उभी राहिली. त्याने एक शब्द बोलावा, फार नाही, एकच. शेवटी तो बोलला.

"बाहेर कुठे बोलू नकोस हे. आईचं नाव आहे गल्लीत."

"आणि माझं?"

"लोक विसरतात," तो म्हणाला, आणि कुशीवर वळायचा प्रयत्न केला. प्लॅस्टरमुळे त्याला वळता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ दारात हजर. काखोटीला एक पांढरी कोंबडी. "काकू, जरा बोट लावा. फेरीवाला कोपऱ्यावर थांबलाय. तो म्हणतो रोज देते, पण त्याचं काय खरं?"

सासू पायरीवर बसली होती. हात मांडीवर होते, ते तिने हलवले नाहीत. सून खुराडं झाडत होती.

"मला कळत नाही आता," सासू म्हणाली.

"काय कळत नाही?"

"अंडं. बोट मेलंय माझं. दोन महिने झाले. सहा म्हणायचे, सात म्हणायचे, ते सगळं मनाने. काल अंडी देणारी कोंबडी कापायला लावली मी, पोटातल्या अंड्यासकट. हिने एक अंडं उचललं नव्हतं. तू गल्लीभर सांगितलंस ना? आता हेही सांग."

सुनेच्या हातातला झाडू थांबला. आतून नवऱ्याचं खाकरणं ऐकू आलं. म्हातारीने एका दमात सगळं सांगून टाकलं होतं, उन्हात बसून, गल्लीच्या तोंडावर. महिनाभर जे छातीवर बसलं होतं ते उठून चाललंय, असं सुनेला वाटलं.

रेडिओने आधी सासूकडे पाहिलं, मग सुनेकडे. हळूहळू तिचा चेहरा मऊ झाला. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

"काकू, तुमचं मन फार मोठं आहे हो," ती म्हणाली. मग सुनेकडे वळली. "बघितलंस? घराची अब्रू झाकायला बाईने स्वतःच्या बोटावर घेतलं. चाळीस वर्षांचं बोट! अशी सासू मिळायला नशीब लागतं. आता तरी नीट राहा बाई."

"अगं, मी खरं सांगतेय—"

"असू दे, असू दे. मी कुणाला एक शब्द बोलणार नाही." म्हणजे दुपारपर्यंत सगळीकडे होणार. "ते राहू द्या आता, आधी हिला बघा. तो माणूस निघून जाईल."

तिने कोंबडी सरळ म्हातारीच्या मांडीवर ठेवली. कोंबडी नवी होती, हाताला सवय नव्हती, ती पंख आपटत उसळ्या मारायला लागली. सासूने सुनेकडे पाहिलं. सून झाडू टाकून पुढे गेली आणि तिने कोंबडीचे पाय घट्ट धरले. नाहीतर त्या नखांनी म्हातारीचा हात फाटला असता, आणि तिला ते कळलंही नसतं.